लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचा नांगर

धंदा काढण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या गावांतील तरुण मनुष्य बहुधा एकच उत्तर देतो, की भांडवल नाही. सेलूच्या पेठेत लहानसे दुकान घालावयाचे, पंप व अवजारे दुरुस्त करण्याची जागा काढावयाची, किंवा शिवणयंत्र घेऊन बसावयाचे, तर पैसा आणावा कोठून, असे तो विचारतो. हा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची चिंता आहे त्यास पैशाची वाण किती जाचते हे त्यालाच ठाऊक. तथापि हाती पैसा येऊनही ज्यांचे धंदे दोन वर्षांत बसले अशी माणसे आपण पाहतो, व हाती फारसे काही नसता ज्यांचा धंदा वाढला अशीही माणसे होऊन गेली. ह्या दोहोंत अंतर कशाचे पडते, हे समजावे म्हणून एका मनुष्याचे चरित्र येथे सांगत आहो.

किर्लोस्कर हे नाव आपल्या शेतकऱ्यांस विहिरीवरील पंपामुळे ओळखीचे आहे. त्या नावाच्या मुळाशी जो पुरुष होता त्याची ओळख मात्र थोड्यांसच असेल. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. वडील काशिनाथपंत हे विद्याव्यासंगी गृहस्थ असून वेदान्ताचा अभ्यास करीत. मुलाने नीट शाळा शिकावी अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु मुलाचे मन पुस्तकांत रमेना. त्यास नाद दोन, एक चित्रे काढण्याचा व दुसरा यंत्रांचा. शेवटी वडिलांच्या मनाविरुद्ध तो १८८५ साली मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाला. ह्या कामी त्याचे थोरले बंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढेही ते वारंवार यावयाचे आहे.

कलाशाळेत दोनेक वर्षे गेली, आणि तेथे असे आढळून आले की लक्ष्मणरावांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्यास ह्याहून कठीण गोष्ट कोणती? घरच्यांची मर्जी मोडून आलेल्या तरुणाने अशा वेळी तोंड लपवून गावी परतावे, किंवा नशिबास बोल लावीत बसावे, असेच बहुधा घडते. लक्ष्मणरावांनी असे पाहिले की रंग गेला तरी रेघ राहिली आहे. यंत्राच्या आकृती काढण्यास रंग लागत नाहीत. माप, धीर व स्थिर हात लागतो. ते यंत्ररेखनाकडे वळले, व त्या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली.

ही नोकरी त्यांनी केवळ पगारासाठी केली नाही. तंत्रशाळेत कर्मशाळा होती, तेथे यंत्रे होती. लक्ष्मणराव फावल्या वेळी त्या यंत्रांपाशी जात, ती चालवीत व आपले हात तयार करीत. काम पगारापुरते करणारा मनुष्य महिन्याच्या शेवटी पगार घेऊन रिकामा होतो. काम करताना जो हुन्नर शिकतो, त्याची नोकरी सुटली तरी हुन्नर सुटत नाही. आपली जी मुले आज पुण्यास अथवा औरंगाबादेस, ज्यास आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, कारखान्यांत मजुरीस जातात, त्यांनी ही गोष्ट विशेष मनावर घ्यावी.

त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर दुचाकी नवीनच दिसू लागली होती. लक्ष्मणरावांस त्या यंत्राचे मोठे कौतुक वाटले, व त्यातच पुढे मिळकतीची वाट दिसली. ते मुंबईहून दुचाकी पाठवीत. रामूअण्णा बेळगावास ती विकीत, एवढेच नव्हे तर घेणाऱ्यास तीवर बसावयास शिकवीत. १८८८ साली ह्या दोघां भावांनी बेळगावात दुचाकीचे दुकान उघडले. येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की धंदा सुरू करताना लक्ष्मणरावांनी पगाराची नोकरी लगेच सोडली नाही. एक भाऊ मुंबईत मिळवीत होता व दुसरा दुकान सांभाळीत होता, म्हणून दुकान मंद चालले तरी चूल विझण्याचे भय नव्हते. दुसरी ही की त्यांनी वस्तूबरोबर विद्याही दिली. ज्यास दुचाकी चालविता येत नाही तो ती विकत कशाला घेईल? नवी वस्तू विकणाऱ्याने ती वापरावी कशी हे शिकविण्याचे श्रमही आपलेच मानले पाहिजेत.

पुढे तंत्रशाळेत वरची जागा रिकामी झाली. ती लक्ष्मणरावांस मिळावी असा त्यांचा हक्क होता, परंतु ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. राज्य परक्यांचे होते, आणि अशा गोष्टी त्या काळी नित्य घडत. लक्ष्मणरावांस अपमान वाटला. त्यांनी राजीनामा दिला व ते बेळगावास आले. रागाच्या भरात नोकरी सोडणारे पुष्कळ असतात. पण सोडून जावयाचे कोठे हे ज्याने आधी तयार करून ठेविले आहे, त्याच्याच रागास किंमत असते. बेळगावात दुकान उभे होते, भाऊ होता, व हातांत यंत्रविद्या होती.

दुचाकीवरच आयुष्य काढावे असे मात्र त्यांच्या मनात नव्हते. दुचाकी घेणारे लोक शहरचे व पैसेवाले. आणि सभोवती सगळा देश शेतीचा. त्यांची दृष्टी शेतकऱ्याच्या अंगणाकडे गेली. तेथे त्यांस ज्वारीचा कडबा दिसला. अख्खा कडबा जनावरापुढे टाकला म्हणजे ते पाने खाते व जाड धांडे तुडवून वाया घालवते. तोच बारीक कापून घातला तर सगळा पोटात जातो. म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनविण्यास आरंभ केला. त्यानंतर त्यांनी हात घातला तो लोखंडी नांगराला.

ह्या नांगराची कथा आपल्या वाचकांस परकी वाटणार नाही. दुधनेच्या काठची काळी, चिकण जमीन ज्यांनी नांगरली आहे त्यांस ठाऊक आहे की हरळी व कुंदा एकदा माजला म्हणजे काय होते. जुना लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलटवीत नाही; त्यास खोल चालवावयाचे तर बैलांच्या अनेक जोड्या लागत; आणि इतके करूनही गवताच्या मुळ्या खाली जिवंतच राहत. लोखंडी नांगराचा पंखा मातीची कड उचलून पालथी करतो. खालच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात, व वरचा पालापाचोळा खाली गाडला जाऊन त्याचे खत होते. विलायतेहून असे नांगर येत असत. लक्ष्मणरावांनी ते नमुन्यास घेऊन तसाच नांगर आपल्या देशात, आपल्या कारागिरांच्या हातून तयार केला.

नांगर तयार झाला, परंतु तो घेईना कोणी! लोखंड जमिनीत शिरले म्हणजे तिला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. एक दोन महिने नव्हे, पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ह्या दोन वर्षांवर वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. घडविलेला माल दुकानात गंजत पडला आहे, त्यात घातलेला पैसा अडकला आहे, येणारा जाणारा हसत आहे. अशा वेळी दुकानदार गिऱ्हाइकास अडाणी म्हणून मोकळा होतो. परंतु शेतकऱ्याची भीती अडाणीपणाची नव्हती. त्यास वर्षात पेरणी एकदाच मिळते. ती फसली तर तो कर्जात बुडतो, व ज्याने नांगर विकला तो मात्र आपल्या घरी सुखी असतो. जो आपले सर्वस्व पणास लावणार आहे, त्याने दोन वर्षे पाहून विचार केला तर त्यास दोष कसा द्यावा? लक्ष्मणरावांनी नांगर टाकून दिला नाही, व शेतकऱ्याशी भांडणही केले नाही. त्यांनी आपला माल सुधारला व वाट पाहिली. एका शेतातील पीक शेजारच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांस दिसते, आणि त्या साक्षीपुढे जाहिरातीची गरज उरत नाही. एकदा खात्री पटल्यावर तोच नांगर गावोगाव गेला.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेस शहराची वस्ती वाढविण्यासाठी त्यांच्या कारखान्याची जागा पाहिजे होती, व ती सोडण्याचा हुकूम झाला. उभा धंदा उचलून न्यावा कोठे? त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका इमारतीचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांचे काम व त्यांची सचोटी जवळून पाहिली होती. अडचण कानी येताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. आपण म्हणू, नशीब थोर म्हणून राजा भेटला. परंतु राजा भेटला तो लक्ष्मणराव काही मागावयास गेले तेव्हा नव्हे. ते दुसऱ्याचे काम चोख करीत असता भेटला. मोठ्या माणसांच्या ओळखी कशा कराव्या असे पुष्कळ विचारतात. हाती घेतलेले काम असे करावे की पाहणाऱ्यास आपली ओळख आपण होऊन पटावी. ह्याहून निराळी युक्ती त्या चरित्रात सापडत नाही.

जागा निवडली ती पुणे-मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड स्थानकाजवळची, सुमारे बत्तीस एकर. निवडुंगाने भरलेला, नागसापांनी वस्ती केलेला तो माळ होता. परंतु स्थानक जवळ असल्याने कोळसा व लोखंड आणणे व तयार नांगर पाठविणे सोपे होते. मार्च १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर आले. निवडुंग तोडून घरे बांधली, कारखाना उभा केला, व त्या वस्तीस किर्लोस्करवाडी हे नाव पडले. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते, व स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते.

आता ज्या माणसांच्या जोरावर हे झाले त्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण आमच्या मते ह्या चरित्राचा गाभा तेथेच आहे. रामूअण्णांनी वस्तीची आखणी व व्यवस्था अंगावर घेतली. शंभूराव जांभेकर हे यंत्रकामात निष्णात झाले. मंगेशराव रेगे हिशेब व माणसे सांभाळीत. अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्ध्यावर सुटलेली. ते येथे कल्पक यंत्रज्ञ ठरले. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत अयशस्वी झालेले विद्यार्थी. त्यांनी पडेल ते काम हाती घेऊन पार पाडले. शाळेने ज्यांस नापास केले त्यांस लक्ष्मणरावांनी कामावर पारखून घेतले. स्वतःस एके काळी चित्रकलेत माघार घ्यावी लागली होती, म्हणून मनुष्य एका दारी अडला तर दुसऱ्या दारी चालू शकतो हे त्यांस ठाऊक असावे.

ह्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. त्या उजाड माळावर राखण करण्यास माणसे पाहिजे होती. लक्ष्मणरावांनी ज्यांस नेमले त्यांत तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे होते, आणि ह्या दोघांच्या नावावर दरोड्याचे गुन्हे असून ते शिक्षा भोगून आलेले होते. त्या काळी ब्रिटिश सरकारच्या १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या जात, व हा कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत त्या लोकांस हजेरीसाठी चौकीवर जावे लागे. जेथे निर्दोष मुलाचीही अशी गत, तेथे शिक्षा भोगलेल्यास दारात कोण उभे करणार? अशा दोघांच्या स्वाधीन लक्ष्मणरावांनी आपला कारखाना, माल व झोपलेली बायकामुले केली. ते दोघे विश्वासू राखणदार म्हणून नावाजले. ह्याच वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. ज्या काळात गावच्या पाणवठ्यावर पाऊल टाकणे आपल्या पूर्वजांस बंद होते, त्या काळात हे घडले, हे आपण विसरू नये.

ह्यात लक्ष्मणरावांनी केवळ दया केली असे समजू नये. दयेने मनुष्यास एक दिवसाची भाकरी मिळते. विश्वासाने त्यास नाव मिळते. ज्यावर कोणीच भरवसा ठेवीत नाही, त्यावर एकाने ठेविला तर तो भरवसा राखण्यासाठी तो जिवाचे रान करतो. चोख धंदेवाल्याच्या दृष्टीनेही हा हिशेब फायद्याचाच ठरला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले व विलायतेचे लोखंड मिळेनासे झाले. नांगराचा कारखाना लोखंडावाचून बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या, व त्यांचे नांगर झाले. युरोपात नांगर टाकून लोक तोफा ओतीत होते, आणि येथे तोफांचे नांगर होत होते! यशया संदेष्ट्याचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांस ह्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. ह्यात धंद्याचाही एक धडा आहे. माल मिळत नाही म्हणून हात जोडून बसण्यापूर्वी, कोणाच्या परसात काय निरुपयोगी पडले आहे हे पाहावे.

युद्ध संपल्यावर जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची मर्यादित भागीदारांची कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढले. कारखान्याची व मालाची माहिती विक्रेत्यांस व गिऱ्हाइकांस पोचावी हा त्याचा मूळ हेतू. पुढे तेच किर्लोस्कर मासिक म्हणून घरोघर वाचले जाऊ लागले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पंप वगैरे वस्तू निघू लागल्या. पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परत आले, व त्यांनी हा व्याप फार वाढविला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे वारले. त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता ह्या चरित्रापासून सेलूच्या आसपासच्या आपल्या लोकांनी काय घ्यावे? लक्ष्मणरावांस राजा भेटला, आपणांस कोण भेटणार, असे कोणी म्हणेल. म्हणून राजावाचून ज्या गोष्टी होऊ शकतात तेवढ्याच सांगतो.

पहिली गोष्ट, आधी हुन्नर व मग दुकान. ज्यास पंपाचे दुकान घालावयाचे आहे त्याने दोन वर्षे दुसऱ्याच्या दुकानात पंप उघडावे व जोडावे. त्या दिवसांत मजुरी थोडी मिळेल, परंतु चुका दुसऱ्याच्या छपराखाली शिकता येतील. सावकाराचे कर्ज काढून जो न शिकलेला धंदा मांडतो, तो व्याजही भरतो व चुकांचा दंडही भरतो.

दुसरी, घरातील मिळकत एकदम एकाच टोपलीत टाकू नये. नवे दुकान पहिल्या वर्षी घर चालवील असा भरवसा धरू नये. घरातील एकाने पगार किंवा मजुरी चालू ठेवावी व दुसऱ्याने दुकान पाहावे. दोघे भाऊ अथवा नवराबायको मिळून हे करीत असतील तर कोणाकडे कोणते काम ते आधी ठरवावे, आणि जमाखर्च रोजच्या रोज लिहावा. दुकानचा पैसा व घरचा पैसा निराळ्या डब्यात असावा. भावाभावांचे पुष्कळ तंटे पैशाच्या कमतरतेने नव्हे, तर न लिहिलेल्या हिशेबाने होतात.

तिसरी, गिऱ्हाइकाच्या शंकेवर रागावू नये. तो माल परत आणतो तेव्हा आपला दोष फुकट दाखवून देत असतो. नांगर विकणाऱ्याने त्याचा फाळही दुकानात ठेवावा. कारण फाळ झिजतो, व तो न मिळाल्यास अख्खा नांगर कोपऱ्यात पडतो आणि विकणाऱ्याचे नाव त्याबरोबर पडते. मालाचा दोष झाकून जो एकदा विकतो, त्याचे गिऱ्हाईक पुन्हा त्या आळीत फिरकत नाही. वायदा केला तर त्या दिवशी काम द्यावे. जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप पाठवावा.

चौथी गोष्ट विशेषतः आपल्या उपदेशक बंधूंसाठी आहे. गावात कोणी मनुष्य शिक्षा भोगून आला, किंवा दारू सोडून सुधारू पाहत आहे, तर लोक त्याविषयी तुम्हांस विचारतात. त्याला कामावर घ्यावे काय, असे दुकानदार विचारतो. अशा वेळी मान खाली घालून गप्प बसणे सोपे असते. परंतु तो मनुष्य खरोखर बदलला आहे असे तुमच्या नित्य पाहण्यात असेल, तर तसे स्पष्ट सांगावे, व त्याच्या कामाची चौकशी महिन्या महिन्यास स्वतः जाऊन करावी. खोटी शिफारस करू नये. त्याने एकाचे नुकसान होते व पुढील दहा प्रामाणिक माणसांची वाट बंद होते. परंतु खरी शिफारस टाळणे हेही तितकेच वाईट. पिऱ्या मांगास कोणीतरी प्रथम दारात उभे केले, म्हणून तो राखणदार झाला. नाही तर त्याच्या नावापुढे शेवटपर्यंत दरोडाच राहिला असता.

पाचवी व शेवटची, पत ही हळूहळू वाढते, पण नाहीशी एका दिवसात होते. ती उसनी घेता येत नाही, व बापाकडून मुलास आयती मिळत नाही. लक्ष्मणरावांस पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. आपल्या तरुणांनी दुकानाची पाटी लावण्यापूर्वी आपल्या मनास एवढेच विचारावे, की विक्री होत नसता माल सुधारीत, गिऱ्हाइकाशी गोड बोलत व उधारी न वाढविता आपण दोन वर्षे टिकू काय? उत्तर होय असेल तर थोड्या पैशानेही आरंभ करावा. उत्तर नाही असेल तर आणखी एक वर्ष हुन्नर शिकावा, चार पैसे बाजूस टाकावे, व मग पाटी लावावी.